भिंतीकडे तोंड केलेली पट्टी

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट एका कोरड्या तलावाच्या तळाशी झाली. गौरवग्रंथाच्या संपादकांनी "पहिल्या परिचयापासून सुरुवात करा" असं कळवलंय, म्हणून हे आधी सांगते. एरवी पंचाहत्तरीच्या पुस्तकात असली जागा कुणी पहिल्या ओळीत आणत नाही. या ग्रंथातले इतर लेखक अप्पांना त्यांच्या लातूरच्या गॅरेजात, चहाचा कप हातात घेऊन भेटले असतील. मी भेटले तेव्हा अप्पा एका गंजलेल्या गाडीखाली उताणे झोपले होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते आणि माझी आई त्या पायांकडे बघत उभी होती.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या भिंतींना रंगाचा वास होता आणि निम्मं दप्तर अजून उस्मानाबादेतच होतं. त्यात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. चाकूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात कामावर आलेल्या बायाबापड्यांनी तो खोदला. पुढं तो भरला आणि तेव्हापासून कधी आटला नव्हता. त्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा तळाला गेला. गावातले लोक म्हणत होते, तळ्यातून गाडी वर आली. गाडी कुठली वर येते? ती जागच्या जागीच होती, पाणी खाली गेलं होतं. पण भर दुपारी, एक पाखरू बोलत नसताना, त्या भेगाळलेल्या चिखलात ती उभी असलेली बघितली आणि मलाही वाटलं की ही आत्ताच कुठून तरी आली आहे.

गाडी दोन आसनांची, उघड्या टपाची. रंग उरला नव्हता. चालकाच्या जागेवर गाळ साचून वाळला होता, बैठकीपासून खांद्यांच्या उंचीपर्यंत, आणि त्याच्या पुढं स्टिअरिंगचं नुसतं कडं होतं. लांबून बघणाऱ्याला कुणी बसलंय असंच वाटायचं. जमलेली माणसं म्हणूनच पन्नास पावलांवर थांबली होती. आई मात्र सरळ चालत गेली. गाडीपाशी पोचली, त्या गाळाकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मी एकोणीस वर्षांची होते. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं.

अशा दोन गाड्या आमच्या घरात होत्या. आजोबा लातूरचे आडते. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादच्या एका जागीरदाराच्या घरातलं सामान निघालं, तेव्हा त्यांनी हौसेनं दोन हिरव्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या आणल्या. एक थोरल्या काकांना दिली, एक माझ्या वडिलांना. गल्लीतली पोरं त्यांना जुळ्या म्हणायची. मी सात वर्षांची असताना, तो तलाव पहिल्यांदा भरला त्या पावसाळ्यात, वडील नांदेडला म्हणून गाडी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. काकांनी चार लोकांत सांगून टाकलं की धाकटा कुणा बाईबरोबर पळाला. त्याच वर्षी काकांनी स्वतःची गाडी नांदेडच्या कुणाला तरी विकली. पुढं त्या माणसाचाही पत्ता राहिला नाही. शेजारणींनी आईसमोर वडिलांचं नाव काढणं बंद केलं, आणि तिच्या पाठीमागं कधी बंद केलं नाही. ही अशी बारा वर्षं गेली.

म्हणजे तलावातली गाडी वडिलांची किंवा काकांनी विकलेली, दोहोंपैकी एक. फौजदारांनी गाळ फोडायला लावला तेव्हा पायाशी हाडं निघाली. माणसाची आहेत, एवढं सरकारी दवाखान्यानं सांगितलं. कुणाची, ते सांगणारं तेव्हा काही नव्हतं. आम्ही लिंगायत, म्हणून गाळ चाळून बघितला, पण गळ्यातलं इष्टलिंग मिळालं नाही. दोरा कुजल्यावर वस्तू कुठं जाईल, कोण सांगणार? नंबर ठोकलेल्या पितळी पट्ट्या पोलीस येण्याआधीच कुणीतरी उचकटून नेल्या होत्या. नोंदणीचं रजिस्टर जुन्या जिल्ह्यात मागितलं की नव्या जिल्ह्यात पाठवलंय म्हणायचे, नव्यात मागितलं की अजून आलं नाही. गाडी वडिलांची असेल तर आई पळपुट्याची बायको नव्हती. तिचा माणूस मेला होता आणि त्याची हाडं तिला मातीत ठेवायची होती. गाडी काकांची निघाली, तर ती हाडं परक्याची, आणि माझे वडील अजूनही कुठंतरी पळालेले. म्हणून मन्मथ मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनाच का, हे सांगायला हवं, कारण अप्पांचं सगळं नाव याच कामावर उभं आहे. गिअरबॉक्सच्या शेपटाखाली एक आडवी लोखंडी पट्टी असते. पट्टीवर रबर, रबरावर गिअरबॉक्स. मिस्त्री लोक तिला फाउंडेशनची पट्टी म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत कंपनीवाले ही पट्टी दर एक-दोन वर्षांनी गुपचूप बदलायचे. वरून गाडी तीच दिसते, खाली पट्टी निराळी. आमच्या जुळ्यांचंही तसंच होतं. काकांची गाडी एक वर्ष आधीची, तिला जाड पट्टी आणि गोल भोकं. वडिलांची पुढच्या सालची, तिला पातळ, कडा दुमडलेली पट्टी आणि लांबट भोकं. अप्पा हे डोळे मिटून, अंगठ्यानं ओळखतात. तेव्हाही त्यांचं म्हणणं हेच होतं, "डोळा रंगाकडं जातो. अंगठ्याला रंग दिसत न्हाई."

बोलावल्यावर आले त्या दुपारी अप्पा गाडीखाली बराच वेळ होते. मग आतूनच त्यांचा आवाज आला, "जाड हाय. थोरल्या मालकाची."

काकांनी सुस्कारा सोडला. नायब तहसीलदारांनी पंचनाम्यात तसं लिहिलं. लेखी दाखला द्यायचा म्हणून अप्पांनी पट्टी सोडवून, पोत्यात गुंडाळून सोबत नेली. बैलगाडीतून परत येताना आई मागं तोंड करून बसली होती, तलाव दिसेनासा होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आमच्या दारात उभे होते. हातात तेच पोतं. काका ओसरीवर पान लावत बसले होते. अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. आईसमोर पोतं उलगडलं. पट्टी रॉकेलनं धुऊन लख्ख केलेली होती. त्या गाड्यांचे गिअरबॉक्स तेल गाळायचे, आणि अप्पांचे गुरू करीम उस्ताद यांची रीत अशी की भोकात ग्रीस भरल्याशिवाय बोल्ट घालायचा नाही. त्या तेलाग्रिसानं बारा वर्षं पाण्यातही भोकांपाशी गंज धरू दिला नव्हता.

"बाई, म्या खोटं सांगितलं न्हाई, पन चूक सांगितलं," अप्पा म्हणाले. "पट्टी थोरल्या मालकाच्याच गाडीची हाय. पन भोकं बघा. गोल होती, ती कानशीनं लांबट केल्यात. अन् ही कानस डाव्या हाताची हाय."

अप्पा डावखुरे आहेत, हे त्यांच्या हातचा चहा घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वडील जाण्याच्या आदल्या वर्षी दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात उस्तादांकडे कामाला आल्या होत्या. अप्पांनी दोन्ही पट्ट्या एकाच तसराळ्यात धुतल्या आणि बसवताना त्यांची अदलाबदल झाली. काकांच्या गाडीला पातळ पट्टी वायसरच्या चकत्या घालून बसली. वडिलांच्या गाडीला जाड पट्टी बसेना. उस्तादांना सांगितलं असतं तर सगळं पुन्हा उतरवावं लागलं असतं, वर शिव्या. अप्पांनी भोकांवर कानस चालवली, पट्टी बसवली आणि कुणाला सांगितलं नाही. पुढं स्वतःही विसरले. तळ्यात बोल्ट भोकातच होते, हाताला फक्त जाडी लागली. गॅरेजात पट्टी धुतली तेव्हा स्वतःचाच हात त्यांना दिसला.

काका ओसरीवरून म्हणाले, "मन्मथ, पंचनामा झालाय. आता कामून उकरून राहिलास?"

"मालक, ती गाडी तुमची न्हाई. धाकट्या मालकांची हाय," अप्पा म्हणाले. मग आईकडे वळले. "अजून एक हाय, बाई. पट्टी मापाची नव्हती. वळनावर गिअरबॉक्स हलला असंल, गिअरचा दांडा अडकला असंल. मालक माझ्यामुळं गेले असतील. तसं फौजदारांना लिहून देऊन आलोय."

आईनं पट्टीला हात लावला नाही. तिनं स्वतः गाडी बघितली होती, तरी एकच विचारलं, "गाडीचं तोंड कुणीकडं होतं?"

"लातूरकडं. घरी यून राहिले होते."

आई आत गेली. त्या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांनी यायचा आणि पाहुण्याला पाणी विचारायची पद्धत गल्लीत बंदच झाली होती. तिनं भरलेला तांब्या आणून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "बारा वर्षांत ह्या उंबऱ्यात यून 'चुकलं' म्हननारे तुम्ही पहिले." मग माझ्याकडे बोट केलं. "हिला तुमच्या हाताखाली घ्या."

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी दोघांचाही संताप आला होता. ज्या माणसानं माझ्या बापाला मारलं असावं, त्याच्याकडे पाने पकडायला जायचं? आई एकदा बोलली की विषय संपायचा. हाडं आमच्या ताब्यात मिळाली, जंगम स्वामींना बोलावून रीतीप्रमाणे मातीत ठेवली, आणि पंधराव्या दिवशी मी गॅरेजात हजर झाले. फौजदारांनी अप्पांना चार खेपा घालायला लावल्या. पट्टीमुळंच घडलं असं कुणाला ठरवता येईना, प्रकरण मिटलं. गिऱ्हाइकं मात्र तुटली. स्वतःची चूक स्वतः सांगत फिरणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण टाकणार? अप्पांनी त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

ती पट्टी पोलिसांकडून परत आली ती त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगली. भिंतीवर इतरही पट्ट्या आहेत, ज्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत, पाचपन्नास जातींच्या. त्या दर्शनी बाजूनं लावलेल्या आहेत. ही एकटी भिंतीकडे तोंड करून. गॅरेजात एखाद्या गाडीचं फाउंडेशन सैल असलं आणि इंजिन चालू केलं, की ही पट्टी खिळ्यावर बारीक वाजते. बाकीच्या वाजत नाहीत. एकाच खिळ्यावर टांगलेलं लोखंड कंपनानं वाजणार, हे मी स्वतःला शंभरदा समजावलं आहे. तरी ती वाजली की आम्ही दोघंही बोलायचं थांबत असू, आणि अप्पा मान वर न करता गाडीखाली जात. दोष तिथंच सापडे. एकदाही चुकलं नाही, आणि हे न चुकणंच मला नको वाटे.

पहिल्या दिवशी अप्पांनी माझ्यासमोर पिशवी ठेवली. आत बारा पट्ट्या. म्हणाले, "डोळे मीट. सांग." मी महिनाभर चुकत राहिले, मुद्दाम फटकळपणे उत्तरं देत राहिले. ते प्रत्येक वेळी पिशवी पुन्हा भरत. त्या दुष्काळात त्यांनी स्वतःचे हात रॉकेलनंच धुतले आणि गॅरेजच्या वाट्याचा पाण्याचा डबा रोज आमच्या घरी पाठवला. हे मला आईच्या तोंडून वर्षानं कळलं. गॅरेजात काम करणारी पोरगी म्हणून बघे जमायचे, तेव्हा अप्पांनी पाटी लावली नाही की कुणाला दटावलं नाही. फक्त येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट करून सांगू लागले, "आधी महादेवीबाईंना दाखवा. त्यांनी हाव म्हनलं तर म्या बघतो." बघे आठ दिवसांत पांगले. आणि एक सवय तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कारण माहीत नसेल. गाडी कसल्याही कामाला येवो, हॉर्न दुरुस्त करायला का असेना, ती परत देण्याआधी अप्पा तिच्याखाली जाऊन फाउंडेशनवर एकदा अंगठा फिरवतात. हैदराबादचे शौकीन याला मिस्त्रींचा नखरा म्हणतात.

अकरा वर्षांनी मी नांदेडला स्वतःचं गॅरेज काढलं. त्यालाही बराच काळ लोटला. सहा वर्षांपूर्वी भोकरच्या एका डॉक्टरांनी माझ्याकडे एक गाडी आणली. कुणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली सापडलेली, दोन आसनांची, हिरवी. खालची पट्टी गाडीच्या सालाशी जुळत नाही, एवढं माझ्या अंगठ्याला लगेच कळलं. पुढचं मला ठरवायचं नव्हतं. गाडी ट्रकवर घालून लातूरला नेली.

आम्ही ती ढकलत गॅरेजात घेतली. इंजिन मेलेलं होतं. लाईट गेलेली, पंखा बंद, वारा नव्हता. आणि खिळ्यावरची पट्टी वाजली. बारीक, नेहमीसारखी. ढकलणाऱ्या माणसांना ऐकू गेली की नाही, मी विचारलं नाही.

अप्पा गाडीखाली गेले. त्या दिवसासारखेच फक्त पाय बाहेर. बऱ्याच वेळानं म्हणाले, "महादेवी, ही पातळ हाय. वायसर म्याच घातलेत. तुझ्या बापाची पट्टी हाय ही." ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. आम्ही दोघं तिथंच जमिनीवर बसलो. काकांनी विकलेल्या त्या गाडीत माझे वडील कधी बसून गेले नव्हते, तरी तिच्या पोटाखाली त्यांच्या गाडीचा तुकडा इतकी वर्षं फिरत होता. आई तोवर गेली होती. तिला हे सांगता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता जे लिहिणार आहे ते मी सहा वर्षं कुणाला बोलले नाही. अप्पांनाही नाही.

त्या दिवशी अप्पा तोंड धुवायला मागे गेले, तेव्हा दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघाव्यात म्हणून मी खिळ्यावरची पट्टी उतरवली. ती उलटी करण्याची माझी ती पहिलीच वेळ. डोळे मिटून अंगठा भोकांच्या कडांवरून फिरवला, तुम्ही शिकवला तसाच. अप्पा, आता तुमच्याशीच बोलते, मंडळी क्षमा करतील. फाउंडेशन हललं की बोल्ट भोकाच्या कडा खातो. कडा गोल होतात, गुळगुळीत होतात, भोक पसरतं. हे मला तुम्हीच पहिल्या महिन्यात सांगितलंत. त्या चारही भोकांच्या कडांना तुमच्या कानशीची धार अजून आहे. एकही दात मोडलेला नाही. तुम्ही ती पट्टी जशी बसवलीत तशीच ती वर्षभर बसून राहिली, तळ्यात जाईपर्यंत आणि गेल्यावरही. तुमची पट्टी हलली नव्हती, अप्पा. बाबा पावसानं गेले असतील, अंधारानं, वेगानं. तुमच्यामुळं गेले नाहीत.

लातूर-नांदेडातलं जुनं लोखंड तुम्ही वाचलंत, आणि ही एक पट्टी धुतली त्या दिवशी नजर स्वतःच्या चुकीवर थांबली. नंतर तुम्ही ती कधी हातात घेतली नाहीत. आणि मी? मला समजलं होतं, तरी गप्प राहिले. मला वाटायचं, ही गोष्ट तुम्हाला कळली तर तुम्ही मला कशाला सांभाळाल. आपल्या दोघांना बांधून ठेवणारी ती एकच पट्टी आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सहा वर्षं तुम्हाला तो भार नाहक वाहायला लावला. तुम्ही आईला सांगितलंत, तसंच मलाही तुमच्या उंबऱ्यात येऊन सांगायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून या पुस्तकात सांगते. चुकलं, अप्पा.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी ते अगदी स्वार्थानं चिंतते. तुमची नजर, कंबर आणि विशेषतः डाव्या हाताचा अंगठा अजून पुष्कळ वर्षं शाबूत राहो. हा लेख वाचून झाला की उठा. खिळ्यावरची पट्टी उतरवा, तिचं तोंड आपल्याकडे करा, डोळे मिटा आणि भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवा. जरा हळू फिरवा, धार लागेल.